धागा : बेळगाव, खानापूर, गोकाक परिसरात मुलांना घेऊन अर्ध्या दिवसाच्या सहली

अनगोळकर

रविवारी मुलांना कुठं न्यायचं असं विचारलं की आपल्याकडं दोनच उत्तरं येतात, गोवा नाहीतर कोल्हापूर. दोन्हीकडं अर्धा दिवस गाडीतच जातो, मुलं मागच्या सीटवर झोपतात आणि सोमवारी शाळेत पेंगतात. म्हणून जवळच्या जागांचा धागा काढतोय. अटी अशा: एका बाजूचा प्रवास तासाभराचा, चौघांचा खर्च पाचशे-सहाशेच्या आत, आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरी. नुसतं ठिकाणाचं नाव लिहू नका. कितव्या वर्षाच्या मुलाला चालेल, कुठल्या महिन्यात जावं, तिथं पोचल्यावर मुलानं नेमकं करायचं काय आणि कुठं फसतं, एवढं लिहा.

पहिली जागा मी देतो, बेळगावचा किल्ला. गावातल्या गावात आहे म्हणून आपण तो बसमधून बघतो आणि पुढं जातो. सकाळी साडेसातला निघून दहापर्यंत परत, एवढीच सहल. आधी बाहेरून खंदकाच्या कडेनं थोडं चाला. खंदक किती रुंद आहे ते आत गेल्यावर कळत नाही. मग आत कमल बस्ती. हे जैन मंदिर १२०४ सालचं, रट्ट राजांच्या काळातलं. मंडपात छताला दगडी कमळ उलटं लटकलेलं आहे. त्याच्या ७२ पाकळ्या. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर, म्हणून ७२. दुसरी-तिसरीतल्या मुलाला आकडा आधी सांगू नका. खाली बसवून मोजायला लावा. चार वेळा चुकेल, मग स्वतःच एक-एक घेर वेगळा धरून मोजायला लागेल. यात वीस मिनिटं सहज जातात. तिथून साफा मशीद, १५१९ सालची, आदिलशाहीतल्या असद खानानं बांधलेली. मंदिरातले खांब आणि मशिदीच्या कमानी एकाच सकाळी बघितल्या की दगड कसकसा रचतात यावर मुलं आपणहून बोलतात.

किल्ल्यात राहती घरं, कार्यालयं आणि लष्कराची जागाही आहे. फलक असेल तिथं कॅमेरा खिशात. बस्तीत चप्पल बाहेर काढायची, त्यामुळं मार्चनंतर उशीर केला तर लहानग्यांचे पाय फरशीवर भाजतात. नऊच्या आत तो भाग उरका.

वर्गशिक्षिका

चांगला धागा. ठिकाणांच्या आधी वयाचा हिशेब मांडते, कारण बहुतेक सहली ठिकाणामुळं नाही, या हिशेबामुळं बिघडतात.

तीन ते पाच वर्षांचं मूल सलग एक किलोमीटर चालतं. त्यापुढं कडेवर. गाडीत एका बाजूला पाऊण तास ही त्याची हद्द. पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं त्याला किल्ला-बिल्ला काही दिसत नाही, त्याला खडे दिसतात, मुंग्या दिसतात. ती पंधरा मिनिटं द्या. "चल पुढं, वर जायचंय" म्हणून ओढलं की तिथून रडारड सुरू होते. सहा ते नऊ वर्षांचं मूल मधे दोन थांबे घेत तीन किलोमीटर आरामात चालतं, पण त्याला काम लागतं: मोजणं, काढणं, शोधणं. दहाच्या पुढच्या मुलांना जबाबदारी द्या. बसचं वेळापत्रक, पैशाचा बटवा आणि वाट विचारणं त्यांच्याकडं.

दोन वयांची मुलं असतील तर चालण्याचं अंतर धाकट्याचं धरा आणि काम थोरल्याच्या बेताचं द्या. उलट केलं तर दोघंही कंटाळतात.

आणि एका दिवसात एकच जागा. किल्ला, प्राणिसंग्रहालय, बाग, मॉल असं एका दमात करू नका. मुलाला चार जागांतलं काही आठवत नाही, आणि आईबाप दिवसभर "लवकर लवकर" एवढंच बोलतात.

रविवारचा_माणूस

वर्गशिक्षिका, एका जागेसाठी पेट्रोल जाळून जायचं तर आजूबाजूचं बघूनच यावं असं वाटतं की. भूतरामनहट्टीचं प्राणिसंग्रहालय आणि तसंच पुढं हिडकल धरण, एकाच हमरस्त्याच्या बाजूला पडतात.

वर्गशिक्षिका

मोठ्यांसाठी बरोबर आहे. मुलांसाठी भूतरामनहट्टीच पुरेसं आहे. राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय गावापासून दहा-बारा किलोमीटरवर. उघडलं की लगेच आत जा. वाघ-सिंह सकाळी आणि ऊन कलल्यावर हलतात, भर दुपारी सावलीत झोपलेले असतात आणि मुलं म्हणतात, "दिसलाच नाही." प्रत्येक पिंजऱ्यापुढं थांबायचं नाही. घरीच तीन प्राणी निवडा. त्या तिघांपुढं दहा-दहा मिनिटं. वहीत तीन प्रश्नांची उत्तरं: तो काय करत होता, कान कुठल्या बाजूला होते, पावलाचा ठसा कसा असेल. प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेष्टनं घरीच ठेवा, खाऊ स्टीलच्या डब्यात. आठवड्याचा सुटीचा दिवस निघायच्या आधी बघून घ्या, सणाच्या आठवड्यात तो पुढंमागं होतो.

गडवाट

राजहंसगडावर लिहितो, आणि त्याला जोडून दिवाळीच्या किल्ल्यावर. माझ्या मते आपल्या भागातली मुलांसाठीची सगळ्यात भरीव सहल हीच, कारण ती गडावरून उतरल्यावर अंगणात पुढं चालू राहते.

गड येळ्ळूरच्या डोक्यावर, गावापासून पंधरा-सोळा किलोमीटर. सिटी बस येळ्ळूरपर्यंत मिळते, पुढं रिक्षा ठरवायची. स्वतःची गाडी असेल तर रस्ता दरवाजाच्या जवळ जातो. पण लहान मुलं असली तरी शेवटचा अर्धा किलोमीटर गाडी खाली लावून चाला. गड म्हणजे चढण, हे पायांना कळायला पाहिजे. आत सिद्धेश्वराचं देऊळ, विहीर, बुरूज, आणि आता शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा. तटावरून खाली येळ्ळूरची भातशेती दिसते. भात कापणीला आलं की नोव्हेंबरमध्ये सगळा पट्टा पिवळा असतो.

महिने: ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात धुकं इतकं येतं की दहा पावलांवरचा बुरूज दिसत नाही आणि दगडांवर शेवाळ. डिसेंबरनंतर कुसळं वाळतात आणि मोज्यात शिरतात. मुलांना जाड मोजे नकोत, सुळसुळीत कापडाची पूर्ण पँट घाला. वारा जोरात असतो, टोपीला नाडी पाहिजे. तटाच्या कपारीत आग्या मोहोळ दिसलं तर तिथून मुकाट्यानं मागं फिरा. अत्तर, धूर, आरडाओरडा, खडा मारणं, यातलं काहीही चालणार नाही.

आता काम. सोबत एक वही, पेन्सिल आणि दहा मीटर सुतळी, दर मीटरला गाठ मारलेली. मुलांनी दरवाजाची रुंदी, एका बुरुजाचा घेर आणि दोन बुरुजांमधलं अंतर मोजायचं. अंतर पावलांनी मोजलं तरी चालेल, फक्त त्याच मुलाची दहा पावलं सुतळीवर आधी तपासून घ्या. तटाच्या कडेला वाकून मोजमाप नाही. आतल्या बाजूनंच. नकाशा वाकडातिकडा येऊ दे.

तोच नकाशा घेऊन दिवाळीचा किल्ला करायचा. चार फूट बाय चार फुटांच्या किल्ल्याला लागतं ते असं: २५ ते ३० विटा किंवा तेवढेच दगड, दोन जुनी गोणपाटं, आठ ते दहा घमेली तांबडी माती, अर्धं घमेलं भाताचा तूस. विटांचा ढीग आधी नकाशाप्रमाणं रचा, मधे उंच, कडेला उतरता. गोणपाट पाण्यात बुडवून, पिळून त्यावर पसरा. माती चाळून, तूस घालून इडलीच्या पिठाएवढी सैल कालवा. पहिला हात पातळ, नुसता गोणपाटाला चिकटण्यापुरता. तो चार-पाच तास वाळला की दुसरा हात बोटभर जाड. बुरूज डब्यात किंवा पेल्यात ओली माती ठासून, उलटे काढून बसवायचे.

हिरवळीला मोहरी, नाचणी किंवा अळीव. अळीव पाण्यात चिकट होतो, म्हणून उतारावर तोच चांगला टिकतो. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरा. नंतर पाणी ओतायचं नाही, पंपानं फवारायचं. ओतलं की बी खाली वाहून एकाच ठिकाणी झुडूप होतं.

कडोली_रोड

गडवाट अण्णा, आमच्या गल्लीतल्या किल्ल्यांना दरवर्षी भेगा पडतात. माती शेतातली काळी असते. सिमेंट थोडं घातलं तर?

गडवाट

सिमेंट नको. त्यावर काही उगवत नाही, मुलांचे हात फाटतात आणि मोडताना त्रास. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, भेग त्यामुळं पडते. दोन घमेली काळीला एक घमेलं वाळू आणि तूस दुप्पट घाला. थर उन्हात नाही, सावलीत वाळवा. तरी बारीक भेगा येतील. त्या मुलांनीच पातळ चिखल बोटानं भरून बुजवायच्या. परतीचा पाऊस दिवाळीतही येतो, म्हणून चार काठ्या आणि प्लास्टिकचा कागद हाताशी ठेवा. आणि बी पेरलं की चिमण्या टिपतात, पहिले दोन दिवस जुनी साडी पसरून झाका.

एक राहिलं. भाऊबीजेच्या संध्याकाळी मुलांना घेऊन शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांतले किल्ले चालत बघा. दीड तासाची सहल, खर्च शून्य. तुमच्या मुलानं किल्ला केलेला असेल तर त्याचे प्रश्न वेगळेच असतात: "यांनी उतार कसा थांबवला?" मातीत हात न घातलेलं मूल फक्त मावळे मोजतं.

मलप्रभाकाठ

खानापूर बाजूचं मी लिहिते. पहिली सहल रेल्वेची. बेळगाव ते खानापूर साधारण पंचवीस किलोमीटर, पॅसेंजरनं अर्धा-पाऊण तास. पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा वयाला साध्या डब्यात अर्धं. तीन-चार वर्षांच्या मुलाला गाडीत बसणं हीच पूर्ण सहल आहे, पुढं काही दाखवलं नाही तरी चालतं. देसूर सोडलं की झाडी वाढत जाते, ती खिडकीतून बघायला लावा. मुलाला खिडकीजवळ बसवा पण कोपर आत. दारात उभं राहणं अजिबात नाही, मोठ्यांनीसुद्धा नाही, कारण मुलं बघून करतात.

घोळ होतो तो परतीला. जाताना गाडी मिळते, येताना दोन तास उशीर. म्हणून परतीची गाडी आधी ठरवा आणि ती चुकली तर बसनं यायचं हे मनात धरून ठेवा. खानापूर-बेळगाव बस भरपूर आहेत.

खानापूरची माती चिकण, त्यामुळं इथली कौलं आणि मडकी पूर्वीपासून नावाजलेली. खादी ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची मध्यवर्ती संस्थाही इथंच आहे. ती बघायची तर कामाच्या दिवशी आणि आधी विचारून. नाहीतर कुंभाराकडून दोन किलो तयार माती विकत घ्या. सुती फडकं ओलं करून गुंडाळा आणि वर पिशवी, आठवडाभर मऊ राहते. घरी पणत्या करताना मातीत हवेचे बुडबुडे राहिले तर पणती कमकुवत होते, म्हणून आधी दहा-पंधरा वेळा आपटून मळायची. हे काम मुलांना फार आवडतं.

दुसरी सहल नंदगड आणि हलशी. आठ वर्षांच्या पुढच्यांसाठी. अनगोळकरांच्या तासाच्या अटीत थोडी बसत नाही, बेळगावहून चाळीस किलोमीटर आहे. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी आणि तिथला वड. रायण्णाचा जन्म १५ ऑगस्टचा आणि फाशी २६ जानेवारी १८३१ ला. या दोन तारखा मुलं कधी विसरत नाहीत. पुढं हलशी, जुनं नाव पलाशिका, कदंब राजांची राजधानी. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे एकमेकांसमोर आहेत, एकीकडं वराह, दुसरीकडं नरसिंह. मधे उभं राहून मुलांना विचारा, देवळाचं तोंड कुठल्या दिशेला? होकायंत्र हातात द्या, भांडू दे दहा मिनिटं. वर्गशिक्षिकांचा एक जागेचा नियम मला मान्य आहे, म्हणून नंदगडला फक्त अर्धा तास, मुख्य थांबा हलशीच. जेवण सोबत न्या, तिथं हॉटेलांवर भिस्त ठेवू नका.

तिसरी कणकुंबी, मलप्रभेचा उगम. पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर, जांबोटीवरून. माउलीच्या देवळाजवळचं कुंड बघायचं. पण मुलांना तिथं न्यायचं खरं कारण डोंगर आहे. या बाजूला पडलेला पाऊस मलप्रभेतून खानापूर, एम. के. हुबळी, नविलतीर्थ करत कूडलसंगमला कृष्णेत जातो आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. त्या बाजूला पडलेला पाऊस म्हादईतून गोव्याला, अरबी समुद्रात. पाचवीच्या भूगोलात जलविभाजक हा शब्द येतो. इथं उभं राहून बाटलीतलं पाणी उंचवट्यावर ओता आणि दोन्हीकडं कसं वाहतं ते दाखवा. घरून नकाशा नेलात तर नदीवर बोट फिरवत न्या. जून ते सप्टेंबर मुलांना घेऊन जाऊ नका, पाऊस थांबतच नाही आणि जळवा चढतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

सीमावासी

कणकुंबीच्या वळणांवर मुलांना उलट्या होतात, त्याचं सांगा कुणीतरी. जांबोटीच्या पुढं दर वेळी गाडी थांबवावी लागते.

मलप्रभाकाठ

निघायच्या आधी दूध आणि तळलेलं नको. अगदी उपाशीही नको. अर्धी चपाती नाहीतर मूठभर चिरमुरे, निघायच्या तासभर आधी. गाडीत मोबाईल आणि पुस्तक बंद, कारण डोळे स्थिर वस्तूवर आणि कान हलण्यावर असले की मेंदू गोंधळतो आणि मळमळतं. समोर लांबचा डोंगर बघायला लावा, काच खाली. मूल मोठं असेल तर चालकाच्या शेजारी पट्टा लावून, लहान असेल तर मागच्या सीटवर मधोमध, समोरचा रस्ता दिसेल असं. आल्याची वडी चघळायला द्या. जांबोटीला दहा मिनिटं उतरवून चालवा, मळमळ व्हायच्या आधी. झाल्यावर थांबून उपयोग कमी. दोन पिशव्या, ओलं फडकं आणि एक बदली सदरा हाताशी, डिकीत नको.

जळू लागली तर ओढू नका, तोंड आत तुटतं. नखाची कड तिच्या तोंडापाशी सरकवून सोडवा, जखम साबणानं धुवा, रक्त थोडा वेळ येतं, दाबून धरा.

घटप्रभा

गोकाकचा धबधबा. आमच्याकडं जुलै-ऑगस्टच्या रविवारी निम्मा बेळगाव येतो, त्यातली निम्मी मंडळी कडेवर तान्हं मूल घेऊन. मला हे पटत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो.

धबधबा ५२ मीटर, म्हणजे सतरा मजल्यांची इमारत. मुलाला मीटर सांगून कळत नाही, मजले सांगा. वरच्या बाजूला धुपदाळचा बंधारा आणि त्याच्याही वर हिडकल धरण. पाणी तिथं अडतं, म्हणून उन्हाळ्यात इथं नुसता काळा खडक आणि दोन-चार धारा. जुलै ते सप्टेंबर पाणी पूर्ण. पण त्याच कारणानं पाणी अचानक वाढू शकतं. वर आभाळ निरभ्र आहे म्हणून खाली धोका नाही, असं इथं धरता येत नाही. पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, आवाज जड झाला की क्षणभर न थांबता मागं या.

सगळ्यात धोक्याची जागा धबधब्याच्या तोंडाशी नाही, तिथं माणूस भितोच. धोका वरच्या अंगाला आहे, जिथं पाणी पसरट आणि शांत दिसतं. खडकावर शेवाळ आणि खाली ओढ. मुलांचे पाय बुडवायचा मोह तिथंच होतो. पाच वर्षांखालच्या मुलाला पावसाळ्यात आणू नका. सहा ते दहा वर्षांचं मूल असेल तर एका मुलामागं एक मोठा माणूस, मनगट धरून. बोट धरून नाही, ओलं बोट सुटतं. झुलता पूल कधी बंद असतो, म्हणून "पुलावरून जायचंय" असं मुलांना घरून सांगून आणू नका.

बघायचं काय? घोड्याच्या नालेसारखा कडा, आणि काठावरची सूतगिरणी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही गिरणी याच पाण्याच्या जोरावर चालायला लागली. दहा वर्षांच्या मुलाला विचारा, पाणी पडतं त्यानं सूत कसं निघतं? घरी जाऊन छोटं पाणचक्र करा. आइस्क्रीमच्या आठ काड्या, मधोमध बाटलीचं बूच, आरपार विणायची सुई, नळाखाली धरायचं. काड्या सरळ लावल्या तर पाणी निसटतं, जरा तिरक्या लावा. भोक सुईपेक्षा किंचित मोठं पाहिजे, नाहीतर फिरत नाही.

नदीकाठचं महालिंगेश्वराचं जुनं देऊळ गर्दीत कुणी बघत नाही. लहान मुलांना घेऊन तिथंच बसा, आवाज ऐकू येतो, धोका नाही. करदंट ही इथली मिठाई घ्याल तर चार वर्षांखालच्या मुलाला आख्खा तुकडा देऊ नका, डिंक आणि सुकामेव्यानं घशात अडकतो. चिमटीनं तोडून द्या.

रविवारचा_माणूस

आणि गोडचिनमलकी?

घटप्रभा

मार्कंडेय नदीवर, दोन टप्प्यांत पडतो, पहिला २५ आणि दुसरा २० मीटरच्या आसपास. दिसायला गोकाकपेक्षा मवाळ, म्हणून लोक जास्त पुढं जातात. सप्टेंबरच्या शेवटी, पाणी उतरल्यावर, दहाच्या पुढच्या मुलांना न्या. चालावं लागतं, चिखल असतो, चपला नकोत, मागं पट्टा असलेले सँडल.

शिदोरी

मला खाण्यावर लिहायचंय. सहलीत मुलं चिडचिड करतात ती बहुतेक भुकेनं किंवा तहानेनं, आणि आपण त्याला हट्ट म्हणतो.

दहीबुत्तीसारखं, म्हणजे दहीभातासारखं, प्रवासाचं जेवण नाही. चौघांना: दीड वाटी तांदूळ, पाच वाट्या पाणी, मऊ शिजवून गरम असतानाच पळीनं घोटायचा. मग पूर्ण निववायचा. पूर्ण म्हणजे पातेल्याला बाहेरून हात लावला तर गार. दोन वाट्या तापवून गार केलेलं दूध आणि फक्त तीन चमचे दही. इथं सगळे चुकतात, सगळं दहीच घालतात आणि बारा वाजता ते आंबट ढाण होतं. दूध जास्त, दही विरजणापुरतं, की दुपारपर्यंत डब्यातच लागतं आणि गोडसर राहतं. गरम भातात दही घातलं तर फुटून पाणी सुटतं. वर तेलात मोहरी, कढीपत्ता, किसलेलं आलं. मुलांसाठी हिरवी मिरची नको, मोठ्यांनी सांडगी मिरची वेगळी न्यावी. कांदा घालू नका, वास येतो. एप्रिल-मेमध्ये दही एकच चमचा.

मधल्या वेळेला शेंगा-गूळ, केळी, भडंग. बिस्किटं खाऊन तहान वाढते. पाणी प्रत्येक मुलामागं तीन तासांना अर्धा लिटर, उन्हाळ्यात पाऊण, आणि हातपाय धुवायला वेगळी लिटरची बाटली. मूल ऊन लागून मलूल झालं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट-घोट. घाईनं पेलाभर पाजलं तर ओकतं.

खाऊ पोचल्याबरोबर काढू नका. आधी बघणं, मग खाणं. डबा उघडला की मुलं परत जागची उठत नाहीत. डब्याची जबाबदारी थोरल्या मुलीकडंच देऊ नका, मुलाकडं द्या.

सीबीटी_ते_कुठंही

गाडी नसलेल्यांसाठी. वायव्य कर्नाटक परिवहनच्या साध्या बसमध्ये ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायका-मुलींना शक्ती योजनेत भाडं नाही. कर्नाटकाचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ पाहिजे, आणि शून्य रकमेचं तिकीट मागून घ्यायचंच. तिकीट नसेल तर तपासणीत वाद होतो. म्हणजे चौघांच्या कुटुंबाचा बसखर्च निम्म्यावर येतो. चंदगडकडं, म्हणजे देवरवाडीच्या वैजनाथाला किंवा आंबोलीला जाणाऱ्या महाराष्ट्राच्या लालपरीत ही सवलत नाही, तिथं तिथले नियम. सीमेवर वातावरण तापलं असेल त्या दिवशी पलीकडचा बेत करू नका, परतीची बस थांबते आणि मुलं स्टँडवर अडकतात.

बसमधला खेळ: पाट्या वाचणं. आपली मराठी शाळेतली मुलं कन्नड शिकतातच, पण वहीपुरतं. बसवरच्या पाटीवरचं गावाचं नाव कोण आधी वाचतं, कन्नड आकडे कोण ओळखतं. कंडक्टरला थांबा कन्नडमध्ये मुलानंच विचारायचा. तिसरीतलं मूल दोन महिन्यांत येता-जाता वाचायला लागतं. खिडकीची जागा आलटून पालटून, थांबे मोजून.

टिळकवाडी

पाऊस असेल त्या रविवारसाठी वीरसौध हे स्मारक. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन इथं टिळकवाडीत भरलं, महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते हे एकमेव. जुनी छायाचित्रं बघायला मिळतात आणि जवळच अधिवेशनासाठी खोदलेली विहीर. मुलांना सांगायची गोष्ट: गंगूबाई हनगल तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या आणि त्या अधिवेशनात स्वागतगीत गायल्या. अकराच्या मुलीला हे लगेच भिडतं. तासाभरात होतं.

उघडीप असेल तर व्हॅक्सिन डेपोचं झाडांचं आवार. झाडं जुनी आहेत. पातळ कागद पानाच्या मागच्या बाजूवर ठेवून मेणखडू आडवा घासायचा, शिरा उमटतात. पान ताजं पण कोरडं पाहिजे. ओलं असेल तर कागद फाटतो, वाळलेलं असेल तर चुरतं. एकेका पानाखाली झाडाचं नाव आणि तारीख. दर महिन्याला त्याच पाच झाडांकडं जा.

अनगोळकर

सगळ्यांचे आभार. पहिल्या पानावर महिन्यांप्रमाणं यादी लावतो. एक शंका राहिली. धाकटं चार वर्षांचं, थोरलं नऊ, नोव्हेंबरचा पहिला रविवार, बसनं. राजहंसगड की खानापूरची रेल्वे?

गडवाट

चार वर्षांच्याला येळ्ळूरपासून पुढची चढण बसनंतर जड जाते. रिक्षा वरपर्यंत येणार असेल तर गड, नाहीतर रेल्वे.

मलप्रभाकाठ

रेल्वे. थोरल्याच्या हातात वेळापत्रक द्या आणि प्रत्येक स्टेशनावर गाडी किती मिनिटं उशिरा आली ते लिहायला सांगा. परतीचे बसचे पैसे वेगळे काढून ठेवा.